धसकटातली नाणी: सफोकमधला बँक हॉलिडे

ऑगस्टच्या शेवटी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात गहू-बार्ली काढून झालेली असते आणि पुढची पेरणी व्हायला काही आठवडे असतात, मध्ये शेतात नुसतं धसकट. मेटल डिटेक्टरवाल्यांचा सीझन हाच, कारण उभ्या पिकात कुठलाच शेतकरी पाय ठेवू देत नाही आणि एकदा पेरलं की पुढच्या कापणीपर्यंत गेट बंद. आमच्या शेजारी एक रिटायर्ड इंग्रज गृहस्थ राहतात, आमची पोरं त्यांना आजोबा म्हणतात आणि आता तेही त्या हाकेला ओ देतात, तर ते १९८० च्या दशकापासून हा उद्योग करतायत. त्यांना परवानगी असलेली शेतं सफोकच्या उत्तर टोकाला, आय नावाच्या छोट्या गावाच्या आसपास. यंदा म्हणाले, चल. मी नगरच्या मित्राला फोन लावला, तो लेस्टरला असतो, तो म्हणाला सोनं निघालं तर अर्धं माझं. म्हटलं आधी ये तर.

शुक्रवार

ए-१४ हायवेवर बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सरकारी सुट्टीच्या, लाँग वीकेंडची गर्दी, सगळं इंग्लंड समुद्राकडे निघालेलं, त्यामुळे पोचायला अंधार पडला. आजोबांची कॅरॅव्हॅन शेतकऱ्याच्या आवारात आधीच लागलेली. बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती आजोबांनी आमच्यापेक्षा जास्त खाल्ली.

जेवण झाल्यावर आजोबांनी नियम सांगितले आणि तेवढ्यापुरते ते एकदम हेडमास्तर झाले. जमीनमालकाची परवानगी लेखी पाहिजे. सापडेल त्यात शेतकऱ्याचा अर्धा वाटा, तेही लेखी. सरकारने संरक्षित केलेल्या पुरातन जागेवर सरकारी परवानगीशिवाय मशीन वापरणं हासुद्धा गुन्हा, १९७९ चा कायदा आहे, म्हणून नकाशावर शेताच्या हद्दी आधी तपासायच्या. नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं मेंबर असलं की पब्लिक लायबिलिटीचा इन्शुरन्स मिळतो, आम्हा दोघांनाही त्यांनी आधीच मेंबर व्हायला लावलं होतं. आणि उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. हे शेवटचं त्यांनी परत परत सांगितलं.

मग त्यांनी एक डबी काढली आणि म्हणाले, हे तुमच्या देशाचं. तांब्याचं नाणं, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि खाली १८०८, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. दहा कॅशचं नाणं, मद्रासकडे चालवायला बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत पाडलेलं. ही नाणी घेऊन ॲडमिरल गार्डनर नावाचं जहाज निघालं आणि जानेवारी १८०९ मध्ये केंटच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या वाळूत बुडालं. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यातली लाखो नाणी वर काढली म्हणून ती आज इथे किरकोळ किमतीला मिळतात. भारतात कधी पोचलीच नाहीत बिचारी. मित्र म्हणाला, बरंच झालं, तिकडे गेली असती तर तीच कंपनीने महसूल म्हणून आपल्याकडून परत घेतली असती.

शनिवार

सकाळी शेतकरी आला, हात मिळवले, आम्हाला दोघांना नीट बघून घेतलं. नंतर कळलं की त्याच्याकडे मागे रात्रीचे चोर येऊन गेले होते. यांना इकडे नाइटहॉक म्हणतात, अंधारात परवानगीशिवाय मशीन घेऊन घुसायचं, मिळेल ते उपसायचं आणि ऑनलाइन विकून टाकायचं. खड्डे तसेच. त्यामुळे अनोळखी माणूस हातात डिटेक्टर घेऊन दिसला की शेतकऱ्याचं डोकं फिरतं, आणि त्यात त्याची चूक काय.

मशीन मायनलॅबचं इक्विनॉक्स. खाली ताटासारखी कॉइल, वर छोटा स्क्रीन, कानाला हेडफोन. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत डावीकडून उजवीकडे फिरवायची, हात वर उचलला की खोली गेली. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असला की त्यात करंट तयार होतो आणि त्याचं उलटं क्षेत्र परत कॉइलला कळतं, मग धातू किती चांगला वाहक आहे त्यावरून मशीन एक आकडा दाखवतं. लोखंड शून्याच्या खाली, चांदी-तांबं वर. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पातळ छोटं चांदीचं नाणं आणि कोल्ड्रिंकच्या कॅनचा चुरा यांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे तो खालचा-मधला आकडा आला की उकरण्याशिवाय इलाज नाही. आणि कॅनचा चुरा प्रचंड असतो, कारण रस्त्याने जाणारे फेकतात आणि कापणीचं यंत्र त्याचे तुकडे करून शेतभर पेरतं.

माती इथली चिकण, त्यात चकमकीचे दगड खच्चून भरलेले, आणि यंदाचा उन्हाळा असा कोरडा की ढेकूळ फुटता फुटत नाही. फावडं मारलं की दगडावर ठण्ण. मित्र दोनच खड्ड्यांनंतर घामाघूम, म्हणाला, काय राव, आमच्या आज्जाने नगरला विहीर खणली ती बरी. दुपारपर्यंतची कमाई: बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं मूठभर, कॅनच्या कड्या, शिशाचे तुकडे, बटणं, ट्रॅक्टरचा कुठलातरी नट. आजोबांचा नियम की कचराही खिशात घालून आणायचा, परत शेतात टाकायचा नाही, त्यामुळे खिसा जड पण नुसता कचऱ्याने.

चहानंतर एक शिशाची गोळी निघाली, बोराएवढी, जुन्या मस्केट बंदुकीची. आणि संध्याकाळी मला पहिलं नाणं, तिसऱ्या जॉर्जचा अर्धा पेनी. नाणं म्हणायचं एवढंच, दोन्ही बाजू गुळगुळीत, तिरक्या उन्हात धरलं की राजाच्या डोक्याचा आकार पुसट दिसतो. खतातल्या ॲसिडने आणि नांगराने तांब्याची ही गत होते. आजोबांनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, मी मात्र रुमालात गुंडाळून ठेवलं.

रात्री कॅरॅव्हॅनबाहेर बसलो असताना विषय आपल्याकडचा निघाला. मी मूळचा रावेर तालुक्यातला, म्हणजे बऱ्हाणपूर आम्हाला जळगावपेक्षा जवळ. २०२५ च्या फेब्रुवारीत मराठ्यांच्या इतिहासावरचा एक सिनेमा आला आणि गाजला, त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याचा विषय होता, आणि मग असीरगड किल्ल्याजवळच्या शेतांत रात्री लोक टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन खणायला लागले. त्याचे व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर धडाधड आले होते. मी ते आजोबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे बघितलं आणि एवढंच विचारलं, यातलं सापडलेलं काही नोंदलं का कोणी?

नोंदणार कसं. आपल्याकडे अजून १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट चालतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं, नाही कळवलं तर शिक्षा. बरं, मालक कोणी पुढे आला नाही तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनवाल्याला एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यात आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं? पण खरी मेख पुढे आहे. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचं असेल तर सरकार पैसे देतं ते मालाच्या धातूच्या किमतीवर, अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे सातवाहनांचं चांदीचं नाणं असो की आजीच्या तोड्याचा तुकडा, वजनाचा हिशोब एकच. मग माणूस सोनाराकडेच जाणार, तिथे निदान प्रश्न विचारत नाहीत आणि कोर्टकचेरी नाही. सोनाराच्या मुशीत गेलेलं कधी मोजलं जात नाही. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का परत मारलेला. कोणी कोणाला हरवलं हे त्या नाण्यांनी सांगितलं. तो साठा त्या वेळी वितळवला असता तर एवढा मोठा पुरावा आपल्याकडे नसता.

इंग्लंडचा कायदा लोकांच्या लोभाला गृहीत धरून केलाय, आणि मला तोच शहाणपणा वाटतो. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीचं प्रमाण दहा टक्के तरी असलेली दोन किंवा जास्त नाणी एकत्र मिळाली की ते ट्रेझर. चौदा दिवसांत कळवायचं. एखाद्या म्युझियमला ते हवं असेल तर एक कमिटी बाजारभाव ठरवते आणि तेवढे पैसे सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जातात. लपवलं तर मात्र खैर नाही, हेरफर्डशरमध्ये २०१५ मध्ये सापडलेला वायकिंग काळातला साठा दोघांनी परस्पर विकायला काढला, २०१९ मध्ये दोघांना लांबलचक तुरुंगवास झाला, आणि त्यातली बरीच नाणी अजून बेपत्ता आहेत.

मित्र म्हणाला, म्हणजे प्रामाणिकपणाचे पैसे मिळतात. आजोबा म्हणाले, हो, आणि भरपूर मिळतात.

रविवार

आज ओढ्याच्या बाजूचं खालचं शेत. आजोबांचं म्हणणं, पाणी आणि जुनी पायवाट जिथे जवळ येतात तिथे माणसं बसतात, आणि बसली की खिशातून काहीतरी पडतं. माती इथे थोडी मऊ होती.

मित्राला एक बारीक सिग्नल आला, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं तरी आकडा हलला नाही, तेरा. ढेकूळ काढलं, पिनपॉइंटर लावला, हे गाजरासारखं केशरी दांडकं असतं, धातूच्या जवळ गेलं की थरथरतं. ढेकूळ फोडत फोडत शेवटी सुपारीएवढा गोळा राहिला आणि त्यात एक करडी कड. आजोबा लांबून ओरडले, घासू नको! पाण्याची बाटली काढून नुसती धार सोडली आणि माती हळूहळू उतरली. नखापेक्षा थोडा मोठा अर्धचंद्र, कागदासारखा पातळ, चांदी. तुटलेला वाटला, पण कड एकदम सरळ कापलेली. तिसऱ्या हेन्रीच्या काळातला पेनी. १२४७ पासून त्यांनी नाण्यामागचा क्रॉस कडेपर्यंत वाढवला, आणि तेव्हा पेनीपेक्षा लहान गोल नाणं फारसं नसायचं, मग क्रॉसच्या रेघेवरून कातरीने नाणंच कापायचं, अर्धा केला तर हाफ पेनी, चौथाई केला तर फार्दिंग. गोल हाफ पेनी आणि फार्दिंग नेहमीच्या चलनात आले ते पहिल्या एडवर्डने १२७९-८० मध्ये पाडायला घेतल्यावर. कापाच्या एका बाजूला दुहेरी रेघ अर्धी दिसत होती आणि कडेला अर्धवट अक्षरं. मित्र बराच वेळ तळहातावर घेऊन बसला. त्याला सुट्टे पैसे हा प्रकार फार आवडला, म्हणाला आपल्याकडे दुकानदार सुट्ट्याऐवजी चॉकलेट देतो त्यापेक्षा हे बरं.

त्याच्यापासून जवळच मला एक हिरवट बटणासारखं मिळालं, ते मी फेकणारच नव्हतो कारण काहीही फेकायचं नाही असा दम होता. भिंगातून बघितलं तर दोन शिपाई, हातात भाले, मध्ये एक निशाण. कॉन्स्टंटाईनच्या घराण्याचं रोमन ब्राँझ, ही एका निशाणाची जात साधारण इ.स. ३३५ पासूनची, खाली टांकसाळीची खूण अर्धी, आजोबांच्या मते आजच्या जर्मनीतलं ट्रीअर. बाजारात याला किंमत जवळजवळ नाही, इतकी सापडतात. पण त्याला हात लावलेला शेवटचा माणूस सोळाशे वर्षांपूर्वीचा, हा हिशोब डोक्यात आला की ढेकळं फोडायचा कंटाळा थोडा वेळ जातो.

दुपारी मशीन ठेवून हॉक्सन गावाला गेलो, जवळच आहे. या छंदातलं हे पंढरपूर. १६ नोव्हेंबर १९९२ ला एरिक लॉज नावाचा रिटायर्ड माणूस इथल्या एका शेतात डिटेक्टर घेऊन गेला, खजिना शोधायला नाही, शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला. सिग्नल आला, उकरलं, तर सोन्याच्या साखळ्या, चांदीचे चमचे आणि नाणी. इथे त्याने जे केलं त्यासाठी त्याचं नाव निघतं: थोडं काढल्यावर हात थांबवला, लोकांना कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन बाकीचं जसंच्या तसं उचललं. म्हणून कळलं की ते सगळं एका लाकडी पेटीत नीट रचून ठेवलेलं होतं, कुठली वस्तू कशात होती तेसुद्धा. पंधरा हजारांच्या आसपास नाणी, त्यातली साडेपाचशेहून जास्त सोन्याची, सगळ्यात अलीकडची इ.स. ४०७-४०८ ची, म्हणजे रोमन राज्य ब्रिटनमधून उठत होतं तेव्हाची. पावणेदोन दशलक्ष पौंड मिळाले, शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या साठ्यात एका बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची चांदीची मिरपूडदाणी आहे, खाली फिरवायची चकती, बंद, भरायला उघडी आणि शिंपडायला जाळी. मी लंडनला ती बघितलीय. मिरी यायची कुठून तर आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, तांबड्या समुद्रातून इजिप्त, तिथून रोम आणि तिथून या चिखलात. गावात आता बघण्यासारखं तसं काही नाही, शेत खाजगी आहे, हिरवळ, चर्च आणि एक पब. पबमध्ये बसलो.

सोमवार

शेवटचा दिवस, निम्मा दिवसच. वरच्या शेतात परत गेलो कारण शनिवारी त्याची एक कड राहिली होती. आजोबा म्हणाले, शेत संपलं असं कधी नसतं, नांगर दरवर्षी माती वरखाली करतो, गेल्या वर्षी खोल असलेलं यंदा वर येतं.

बाराच्या सुमारास त्यांच्याच मशीनखाली ते आलं. आम्ही दोघं धावलो. एलिझाबेथ राणीचं थ्री पेन्स, पहिली एलिझाबेथ, चांदीचं, आपल्या जुन्या चार आण्यापेक्षा किंचित लहान असेल. डावीकडे तोंड केलेली राणी, गळ्याभोवती झालरीची कॉलर, डोक्यामागे गुलाब. मागे ढाल आणि ढालीच्या वर स्पष्ट १५७३. तिच्या या नाण्यांवर किंमत लिहिलेली नसायची, मग गुलाब असलेली आणि नसलेली अशी आलटूनपालटून नाणी काढली, म्हणजे आकारात गोंधळ झाला तरी निरक्षर माणसालाही कळावं. कडेच्या मजकुराच्या सुरुवातीला असलेल्या खुणेला भिंग लावलं तर ओक झाडाचं फळ, त्या सालची टांकसाळीची खूण. नाणं मधोमध थोडं वाकलेलं, बहुधा नांगराने. मित्राने लगेच हिशोब काढला, १५७३ म्हणजे आमच्या नगरच्या गादीवर मुर्तजा निजामशहा, पुढच्या वर्षी त्याने वऱ्हाड घेतलं. आजोबांना अर्थातच काही कळलं नाही, पण नगरला पण किल्ला आहे एवढं ऐकून ते खूश झाले.

मोबाइलवर ग्रिड रेफरन्स, म्हणजे जागेचा नकाशावरचा आकडा, घेतला, पिशवीवर लिहिला, फोटो. हे सगळं आजोबा अत्यंत गंभीरपणे करतात आणि माझ्या मते या छंदाचा कणा हाच आहे. ही नाणी वेगवेगळ्या काळातली सुटी सुटी पडलेली, त्यामुळे ट्रेझर नाहीत, कळवायची सक्ती नाही. तरी ती पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे द्यायची, १९९७ पासूनची ही स्वेच्छेची नोंदणी, आज त्यांच्या डेटाबेसमध्ये पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि कोणीही घरबसल्या बघू शकतं. एकटं झिजलेलं रोमन ब्राँझ काही सांगत नाही, पण एकाच ओढ्याकाठी अशी वीस-पंचवीस नोंदली गेली की तिथे वस्ती होती का, बाजार होता का हे शोधायला जागा मिळते. जागेची नोंद नसलेलं नाणं म्हणजे बाजारातली वस्तू, बाकी काही नाही.

शेतकऱ्याला सगळं दाखवलं. त्याने काडतुसांची बुडं बघून मान हलवली, ती बहुतेक त्याच्या वडिलांचीच. रोमन ब्राँझ त्याने नातवासाठी मागितलं, थ्री पेन्सची किंमत नोंद झाल्यावर बघू म्हणाला, अर्धा पेनी मला आणि कापलेला तुकडा मित्राला, म्हणजे वाटणी भांडण न होता झाली. गुळगुळीत अर्ध्या पेनीवर कोणीच हक्क सांगितला नाही हेही खरं.

परतीच्या रस्त्यात मित्राने मोबाइलवर सेकंडहँड मशीनं बघायला घेतली. वहिनींना फोन लावून विचारलं तर त्या म्हणाल्या, आधी गॅरेजमधली ती ट्रेडमिल विका, मग बोलू.

आजोबांनी नाणी क्लबच्या मीटिंगला आलेल्या, त्या स्कीमची नोंदणी करणाऱ्या फाइंड्स लायझन ऑफिसरबाईंकडे दिली आणि पावती घेतली, परत मिळायला काही महिने लागतात. सप्टेंबरअखेर शेतकऱ्याचा मेसेज आला, खालच्या शेतात गव्हाची पेरणी सुरू, गेट बंद. ओढ्यापलीकडे त्याच्या भावाचं गुरं चरायचं कुरण आहे, तिथलं विचारून बघतो म्हणालेत आजोबा.